पौषातला ओला रस्ता

सिंधूनं आणि मी मिळून शेवटचं साधं काम केलं ते बिबड्या सोडवायचं. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे जाड पापड, तिनं आदल्या दिवशी गच्चीवर खाटेवरच्या ओल्या धोतरावर थापल्या होत्या. त्या कडक वाळल्या की धोतर उलटं करायचं, मागून पाण्याचे हबके मारायचे आणि एकेक बिबडी अलगद सोडवायची. पाणी मारायचं काम माझं, सोडवायचं तिचं. मी पाणी जास्त मारलं म्हणून ती माझ्यावर खेकसली, मी म्हटलं मग तूच मार, ती म्हणाली मारते की, तुम्हाला कोणी बोलावलं होतं. एवढंच बोलणं. संध्याकाळी डबा भरून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती भिंतीला टेकली, ती तशीच गेली. माझी नात म्हणते, आजोबा, लिहून काढा, बरं वाटेल. बरं वाटत नाही. मी सातवी नापास माणूस, एक पान लिहायला मला दोन दिवस लागतात. पण चाळीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट मी तिच्यापासून लपवून ठेवली होती आणि सिंधू असेपर्यंत ती मला लिहिता आली नसती. म्हणून आता लिहितो.

तेव्हा आम्ही अमळनेरला तेलगिरणीच्या मागच्या वस्तीत राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा आडोसा. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात आबा, म्हणजे माझे वडील, मी आणि नवीन लग्न होऊन आलेली सिंधू. आबा गिरणीत हमाल. सरकीची पोती वाहून त्यांच्या मानेमागे गाठ आली होती, लिंबाएवढी. गिरणीचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा आणि वस्तीतल्या चुली त्यावरच पेटायच्या. रात्रंदिवस घाण्यांचा धडधड आवाज. सिंधू पारोळ्याकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. पहिले आठ दिवस तिला त्या आवाजानं झोप लागली नाही, नंतर माहेरी गेली तर आवाज नाही म्हणून झोप लागेना. हवेला कायम ढेपेचा वास. आमच्या कपड्यांना, भाकरीला, पाण्याला तोच वास. हिवाळ्यात मात्र तो वास हरायचा, कारण संध्याकाळी प्रत्येक अंगणात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायला पडायची. सिंधूचं भरीत वस्तीत एक नंबर. हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांगं ती लाकडी बडगीत ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि गिरणीतलं ताजं तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी एका बैठकीला पाच खायचो. आबा म्हणायचे, "येले जेवाडानं म्हंजे गिरणीना बॉयलरमां कोयसा टाकानं शे."

गिरणीच्या फाटकाबाहेर माझी सायकल दुरुस्तीची टपरी होती. भाड्यानं द्यायला चार सायकली. त्या वर्षी गिरणीत तेल काढायचं नवीन यंत्र बसवायला बेल्जियम देशातून एक माणूस आला. पन्नाशीचा, उंच, लालेलाल, डाव्या पायानं लंगडणारा. नाव योस. कामगारांनी आठवड्याच्या आत त्याचा जोशीसाहेब केला आणि तोही त्या हाकेला ओ द्यायला लागला. याआधी तो इकडच्या दोन-तीन गिरण्यांत राहून गेला होता, त्यामुळे मोडकं हिंदी बोलायचा. पहिल्या रविवारी तो माझ्याकडे सायकल भाड्यानं घ्यायला आला. मी चांगल्यातली चांगली काढून दिली. त्यानं ती उचलून चाक फिरवलं, कान लावला आणि माझ्याच पेटीतला पाना घेऊन माझ्याच सायकलच्या चाकातला जास्त आवळलेला कोन सैल केला. मला राग आला. मी म्हटलं, साहेब, मिस्त्री मैं हूँ. तो म्हणाला, "हाँ, पर ये सायकल रोता है." मग सीट वीतभर वर काढून तो पारोळ्याच्या रस्त्यानं निघून गेला.

मी तेव्हा तालुक्यातल्या शर्यती मारायचो. मडगार्ड काढलेली, हँडल उलटा केलेली दांड्याची सायकल. माझ्यापुढे कोणी जात नव्हतं, त्यामुळे डोकं थोडं फिरलेलं. पुढच्या रविवारी मी त्या लंगड्या म्हाताऱ्याला म्हटलं, चला पारोळ्यापर्यंत, बघू. तो सगळा रस्ता माझ्या मागच्या चाकाला चिकटून आला. मी जोर लावला तरी तिथंच, हळू झालो तरी तिथंच. पारोळ्याची पहिली घरं दिसली तसा बाजूनं निघाला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेला. मी धापा टाकत पोचलो तर हा चहाच्या टपरीवर बसलेला. म्हणाला, "पूरा रास्ता तू हवा खाया. मैं आराम किया." त्या दिवसापासून मी त्याचा चेला झालो. लाज वाटायचं कारण नाही, ज्याला येतं त्याच्याकडून शिकावं.

त्याची कहाणी मला एकदम कळली नाही. रविवारी रस्त्यात, कधी आमच्या अंगणात भरीत खाताना, तुकड्यातुकड्यानं कळली. त्याचा बाप वीटभट्टीवर कामाला. त्यांचा मुलूख तव्यासारखा सपाट, झाड नाही, डोंगर नाही, त्यामुळे वारं कुठूनही येतं. तिथे सायकलच्या शर्यती म्हणजे आपल्याकडच्या कुस्त्यांसारख्या. प्रत्येक गावाच्या जत्रेत देवळाभोवती चकरा मारायच्या. तो तिथून वर चढला आणि अकरा वर्षं पगारावर सायकल चालवली. पण जिंकायचा पगार नव्हता. प्रत्येक संघाचा एक मोठा खेळाडू असायचा, जिंकायचं ते त्यानं. योसचं काम त्याच्यापुढे वारं कापायचं, मागे मोटारीकडे जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात भरून आणायच्या, मोठ्याचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याकडेला उभं राहायचं. एकदा दगडी फरशीच्या रस्त्यावर, थंडीपावसात, तो एकटा सगळ्यांच्या पुढे निघाला. मागून मोटार आली. आतला म्हणाला, थांब, मोठा मागे राहिलाय. हा थांबला. मोठा जिंकला, हा सातवा.

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या. उसने मुझे एक टोपी दिया."

मी म्हटलं, मी असतो तर थांबलो नसतो. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि म्हणाला, "मालूम है." सिंधू चुलीपुढून माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हले कोन्ही थांबाडं ते ना! आधी पुढे ते निंघा." त्याला अहिराणी कळत नव्हती, पण तो खो खो हसला. या दोघांचं असंच होतं. मला त्याचं बोलणं दोनदा विचारावं लागायचं, तिला एकदाही नाही.

त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या ज्या आमच्याकडे कोणाला माहीत नव्हत्या. एक, भूक लागायच्या आधी खायचं. आमच्यात काम संपल्याशिवाय तोंडात घास घालणं म्हणजे कमीपणा, शर्यतीत तर कोणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. सिंधूनं माझ्या सदऱ्याच्या पाठीवर तीन खिसे शिवले. दोनात केळी, एकात गूळ लावून गुंडाळलेली भाकरी. दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात जळगावहून धुळ्याकडे जाताना सातपुड्याकडचं वारं उजव्या अंगानं लागतं. आम्ही सगळे सरळ रांगेत चालवायचो, म्हणजे प्रत्येकाला ते वारं खावं लागायचं. योस म्हणायचा, पुढच्याच्या मागे नको, मागे आणि डावीकडे राहा, तिरपी रांग धर, विमानाच्या पंखासारखी. रांगेत ब्रेकला हात लावायचा नाही. ज्यानं ब्रेक दाबला त्यानं मागच्या सगळ्यांना पाडलं. हे त्यानं माझ्याकडून इतकं घोटून घेतलं की माझी बोटं ब्रेक विसरलीच.

त्या वर्षी पौषात जळगाव ते धुळे शर्यत होती. पहिल्या तिघांना राज्याच्या संघासाठी घेणार होते. आबांनी मला लग्नाच्या वेळी एक वर्ष दिलं होतं. "एक वरीस पळ. निवड व्हयनी ते व्हयनी. नही व्हयनी ते मन्हा संगे गिरणीमां पोतं उचल." त्यांचं चुकत नव्हतं. त्या गाठीवर पोतं ठेवणं त्यांना आता झेपत नव्हतं. म्हणजे त्या नव्वद किलोमीटरांवर माझं सगळं होतं. मी तिघांत आलो तर सायकल, नाहीतर सरकी.

शर्यतीच्या दिवशी गिरणीचा ट्रक पहाटे जळगावला माल घेऊन जाणार होता, त्यात सायकल टाकायची ठरली. मी आत अंगावर पाणी घेत होतो. बाहेर आलो तर सिंधू सायकलपाशी बसलेली, हातात वाटी. हँडलवर हळदीची बोटं उमटलेली दिसली. मी विचारलं, हे काय?

"खांदमळणी कयी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात. वर्षभर जू वाहिलेलं असतं, त्याला उतारा. पोळा तर केव्हाच होऊन गेला होता. मी हसलो.

"हसतस काय? तुमनी सायकल म्हंजे तुमना बैलच शे ना. बैलनी करतस, मंग हिनी काबरं नही?"

आबासुद्धा हसले. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मी सायकल उचलून वर चढवली. चाकांकडे मी पाहिलं नाही. पहाटेचा अंधार होता हे खरं, पण मिस्त्री मी होतो. निघण्याआधी ब्रेक दाबून बघणं हे मिस्त्रीचं पहिलं काम. ते मी केलं नाही. म्हणून आधीच लिहून ठेवतो, पुढे जे झालं त्यात चूक माझी.

जळगावातून पन्नासेक जण सुटलो. गिरणा नदीचा पूल ओलांडला, पाळधी मागे टाकली आणि योस म्हणाला होता तसं उजवीकडून वारं सुरू झालं. मी पुढे होऊन रस्त्याच्या मधून तिरपा निघालो. मागचे पाच जण काय चाललंय ते न समजता आपोआप पंखात बसले. बाकीचे डांबराच्या कडेला सरळ रांगेत वारं खात राहिले. एरंडोलला मागे वळून पाहिलं तर आमच्यामागे रस्ता रिकामा. एका नाशिकच्या पोरानं ओरडून विचारलं, "भाऊ, हे कुठं शिकला?" मी म्हटलं, जोशीकडे. केळं खाल्लं, गूळ-भाकरी खाल्ली. ते लोक माझ्याकडे बघत होते, शर्यतीत जेवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. माझे पाय त्या दिवशी माझे नव्हतेच, असे चालत होते. सहा जणांत तिघं जाणार होते आणि मला पक्कं माहीत होतं की त्यात मी आहे.

पारोळ्याच्या अलीकडे रस्ता उतरून एका नाल्याच्या पुलावर जातो. उतारावर आम्ही सुसाट होतो. पुलाच्या तोंडाशी कपाशीनं भरलेली बैलगाडी आडवी. पुढच्यानं हात वर केला, सगळ्यांनी ब्रेक दाबले. मीही दाबले. त्या दिवशी पहिल्यांदा. काहीच झालं नाही. रबर रिमवरून असं घसरलं जसं तव्यावर तूप. मुठी कचकन आवळल्या, तरी सायकल तशीच. समोर त्या नाशिकच्या पोराची पाठ, पलीकडे बैलाचं शिंग. विचार करायला वेळ नव्हता. मी हँडल डावीकडे वळवलं आणि रस्ता सोडून बाभळींत गेलो.

उठलो तेव्हा कोपर फाटलेलं, गुडघ्यातून रक्त, पाठीच्या खिशातल्या केळ्याचा चिखल झालेला. हँडल वाकडं. पुढचं चाक गुडघ्यांत धरून ते सरळ केलं, साखळी चढवली आणि तेव्हा मला रिम दिसली. ऊन पडलेलं. रिम पिवळी चमकत होती. लोणी-हळद, गोल गोल, दोन्ही चाकांना, आतून-बाहेरून. एक बोटभर जागा तिनं सोडली नव्हती. बैलाचा खांदा मळतात तसं मन लावून मळलं होतं. मी खाली बसून मोठ्यानं एक शिवी दिली. कोणाला दिली ते आज आठवत नाही. मग सदऱ्याचा काठ फाडला, मातीत घोळवला, रिम पुसली तेवढी पुसली आणि निघालो.

फागण्यापर्यंत मी त्या पाचांतला एक गाठला. वारं एकट्यानं खाल्लं, थांबायचं असलं तर चप्पल घासून थांबलो. धुळ्यात पांझरेच्या पुलापाशी चौथा माझ्यापुढे शंभर हात होता. तो शंभर हातच राहिला. मी पाचवा आलो. तिघांना हार घातले, त्यांची नावं लिहून घेतली. मला कोणीतरी पाण्याचा तांब्या दिला.

योस तिथं थांबला होता. मला काही विचारायच्या आधी त्यानं सायकल उचलली, अंगठा रिमवरून फिरवला आणि नाकाशी नेला. "बटर?" मी सांगितलं. बैल, खांदा, पोळा, जेवढं हिंदी येत होतं तेवढ्यात. आधी तो इतका हसला की लोक बघायला लागले. मग त्यानं माझं तोंड पाहिलं. रुमालानं माझ्या कोपरातले काटे काढता काढता म्हणाला, "घर में क्या बोलेगा?"

"जो हुआ वो बोलूँगा. मैं झूठ नहीं बोलता." खरंच बोलत नव्हतो. तोंडावर बोलणारा म्हणून वस्तीत माझं नाव होतं.

तो म्हणाला, अकरा वर्षांत मी किती वेळा पडलो त्याची गिनती नाही. कधी आपल्याच संघाचा पोरगा आडवा आला म्हणून, कधी आपल्याच माणसानं चाक नीट आवळलं नाही म्हणून. संध्याकाळी पेपरवाले विचारायचे, कसा पडलास. "ग्यारह साल मेरा एक जवाब. रोड गीला था."

"और रोड सूखा हो तो?"

"तो भी गीला."

आज तेव्हाचा हिशेब मांडून सांगतो. दोन वर्षांनी त्याच शर्यतीत मी तिसरा आलो. राज्याकडून दोनदा बाहेर खेळायला गेलो. दोन्ही वेळा दुसऱ्यासाठी वारं कापलं, दोन्ही वेळा त्या दुसऱ्याला पदक मिळालं. मी आयुष्यात मोठी शर्यत एकही जिंकली नाही. पण योसनं जे सांगितलं होतं ते सायकलपुरतं नव्हतं, हे मला त्या दिवशी धुळे ते अमळनेर एसटीत कळायला लागलं. टपावर सायकल बांधलेली आणि खिडकीशी मी. बायकोला खरं सांगितलं तर काय होईल याचा विचार करत होतो. ती रडेल, ते एकवेळ चालेल. पण आबा तिला आयुष्यभर त्यावरून बोलतील. वस्तीतल्या बाया हसतील. आणि ती परत माझ्या सायकलला हात लावणार नाही. हे शेवटचं मला सहन होईना.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सिंधू दारातच उभी. कोपर बघून तिनं तोंडावर हात ठेवला. आबांनी एकच विचारलं, कितवा? मी म्हटलं, पाचवा. त्यांनी खुंटीवरून पोती वाहताना डोक्यावर बांधायचं फडकं काढलं आणि माझ्या खाटेवर ठेवलं. उद्यापासून गिरणी.

"पडनात कसा?" सिंधूनं विचारलं.

"रस्ता ओला होता."

"पौषमां?"

ती शेतकऱ्याची पोर. कोणत्या महिन्यात रस्ता ओला असतो हे तिला शिकवायला नको होतं. आबाही बघायला लागले. मी म्हटलं, पारोळ्याच्या उतारावर पाण्याचा टँकर सांडत गेला होता.

"मेला टँकरवाला!" ती म्हणाली. "नीट झाकन लावता येत नही का त्याले?" आणि मग चाळीस वर्षं ती टँकरवाल्यांना शिव्या घालत राहिली. वस्तीत उन्हाळ्यात टँकर आला की बाया हंडे घेऊन पळायच्या, आणि ही आधी ड्रायव्हरला सुनवायची, मग पाणी भरायची. एका टँकरवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलंही, दादा, वहिनींचं माझ्याशी काय आहे? मी म्हटलं, तुझ्याशी नाही, तुझ्या धंद्याशी आहे.

त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंजूमुंजू होताना उठलो. अंग असं दुखत होतं की खाटेवरून पाय खाली सोडायला वेळ लागला. आठच्या भोंग्याला गिरणीत उभं राहायचं होतं, ते मी मान्य केलं होतं. पण आठच्या आधीचा वेळ गिरणीचा नव्हता. तो माझा होता. सायकल हापशावर नेली, चुलीतली राख आणि धुण्याचा सोडा घेतला आणि दोन्ही रिमा घासल्या. नारळाच्या शेंडीनं घासल्या, पुसल्या, परत घासल्या. हाताला हळद लागली ती मातीत चोळून काढली.

मागे वळलो तर सिंधू उभी. हातात कालचीच वाटी. किती वेळ उभी होती माहीत नाही. म्हणाली, "आज परत निंघनात ना? मंग लावू दे." आणि चाकापाशी बसली.

मी तिचा हात धरला. म्हटलं, चाकाला नाही, चाक म्हणजे बैलाचे खूर. साहेब म्हणतो सायकलचा खांदा इथं असतो. तिचं बोट उचलून मी हँडलच्या खाली, दांडा जिथं जुळतो तिथं ठेवलं. तिनं घासलेल्या रिमेकडे बघितलं, माझ्या कोपराकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत होतो. तिला कळलं की नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. तिनं बोटानं लोणी-हळद घेतली आणि मी दाखवलं तिथं, तेवढ्याच जागी, नीट मळली.

"काल वारं जास्त व्हतं का?" तिनं विचारलं.

"होतं."

"आज भी शे," ती म्हणाली. "लवकर जा."

मी दोन्ही ब्रेक दाबून बघितले. मग फाटलेल्या गुडघ्याला फडकं आवळलं आणि पारोळ्याच्या रस्त्याला लागलो.